अप्पांचा नायट्रोजन

बेलाच्या पानाचं वाचन सुगंधाने तीनदा घेतलं. तिन्ही वेळा यंत्राचं म्हणणं एकच होतं: या पानात मल्लिकार्जुन हत्तरगी नाहीत.

यंत्राने नाव अर्थातच घेतलं नव्हतं. मास स्पेक्ट्रोमीटरला नावागावाशी कर्तव्य नसतं. तो अणू वजनाप्रमाणे वेगळे करतो आणि आकडा देतो. हवेत, मातीत, माणसात जो नायट्रोजन असतो, त्यातल्या हजार अणूंमागे तीन-चार अणू अंमळ जड असतात. तिच्या वडिलांना, अप्पांना, समाधी दिली त्या दिवशी खड्ड्याच्या तळाशी जड नायट्रोजनची वाटीभर पांढरी भुकटी टाकली होती. देहातला नायट्रोजन जसजसा मातीत सुटेल, तसतशी भुकटी त्याच्यात मिसळेल आणि तो जाईल तिथे ही खूण त्याच्यासोबत जाईल, अशी योजना. वर्षभराने समाधीवरच्या झाडाचं पान मोजायचं. हजारात वीस-पंचवीस जड अणू निघाले की माणूस झाडात पोचला. मग झाडाला नावाची पाटी लागायची, पेढे वाटले जायचे. सोनगट्टीत या दिवसाला आता ‘वाचन’ म्हणत, बारशाला बारसं म्हणावं इतक्या सहजपणे.

बेलाच्या पानात पावणेचार होते. एसटी स्टँडसमोरच्या पिंपळातही तेवढेच असतात.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून सोनगट्टीला गेली आणि बेलाभोवतीच्या पाच झाडांची पानं खुडून परत कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत आली. चार झाडं कोरी निघाली. पाचवं जांभूळ होतं, बेलापासून चार मीटरवर, दुप्पट उंचीचं. त्याच्या पानात हजारात एकोणतीस.

त्या जांभळाखाली राजशेखर खोतांना समाधीत बसवलं होतं. पाच वर्षांपूर्वी, भुकटीची पद्धत सुरू होण्याच्याही आधी. त्यांच्या खड्ड्यात जड नायट्रोजनचा कण नव्हता. जांभळात जे होतं ते दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं.

सुगंधाने यंत्र नेहमीच्या क्रमाने बंद केलं. आधी झडप, मग पंप, मग वीज. रागाच्या भरात बटणं दाबायची नाहीत, हे अप्पांनी तिला नववीतच शिकवलं होतं. मग ती बेसिनपाशी गेली आणि साल निघेल इतके हात घासत राहिली.

नववीचंच ते वर्ष. अप्पा सोनगट्टीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि खोतसाहेब त्या संस्थेचे चेअरमन होते. प्रयोगशाळेतली गॅसची नळी कुजली आहे, बदलून द्यावी, असे तीन अर्ज अप्पांनी वर्षभरात दिले. नळी बदलली नाही. जानेवारीत ती फाटली आणि दहावीतल्या एका मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशी झाली तेव्हा फाइलमध्ये एकही अर्ज नव्हता. खोतसाहेबांनी माफीपत्र टाइप करून आणलं आणि अप्पांना ते प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचायला लावलं. सुगंधा तिसऱ्या रांगेत उभी होती. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द अप्पांनी तिच्याकडे न बघता, पण स्पष्ट आवाजात वाचले. गणिताचं उदाहरण सांगावं तसे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांना प्रयोगशाळेत पाऊल टाकू दिलं नाही. ते भांडारात खडू आणि नकाशे सांभाळत बसले. मरेपर्यंत त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

आणि आता ते खोतसाहेबांना पोसत होते.

*

अप्पांना समाधीवनात न्यायचा हट्ट सुगंधाचाच होता. हत्तरगी लिंगायत, त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात, डाव्या हातात लिंग देऊन. पण समाजाच्या रुद्रभूमीवरून, म्हणजे दफनाच्या जागेवरून, बायपास गेला आणि उरलेल्या तुकड्यात जागा राहिली नाही. मग समाधीवनं उभारणारी कंपनी आली. खोतांच्या माळावर वन उभं राहिलं, फाटकावर पाटी लागली: ‘माणूस जात नाही, झाडात राहायला येतो.’ आईला ते पटलं नव्हतं. झाडात राहायला तो काय पक्षी आहे, असं ती म्हणाली होती. सुगंधाने तिला कागदावर आकृती काढून दाखवली, मुळं, बुरशी, बाणांच्या खुणा. चौदा वर्षं ती हेच काम करत होती. तिला खात्री होती. तेव्हा जी एक जागा मोकळी होती ती खोतांच्या शेजारची निघाली. चुलते म्हणाले, आता गेल्यावर कसला हिशेब धरतेस. तिने धरला नाही.

आई मात्र नंतर बदलली. वर्षभर रोज सकाळी ती बेलापाशी जात होती. कळशीभर पाणी घालायची, पेपरातल्या मरणाच्या बातम्या सांगायची, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं. येत्या सोमवारी वाचन होतं. जांभळ्या काठाचं इरकल तिने त्यासाठी इस्त्रीला दिलं होतं.

सुगंधाला आधी स्वतःची खात्री करायची होती. भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जांभळाकडे गेली असेल, असंही होऊ शकतं. म्हणून तिने दोन झाडांमधली माती आणली, भिंगाखाली तिच्यातून बुरशीचे धागे चिमट्याने वेचले आणि माती अन् धागे वेगवेगळे मोजले. मधल्या मातीत खूण जवळपास नव्हती. धाग्यांमध्ये होती, आणि ती आर्जिनिनमध्ये होती. म्हणजे शंकेला जागा नव्हती.

झाड आणि मुळातली बुरशी यांचा संसार चाळीस कोटी वर्षांचा आहे. झाड उन्हात साखर करतं आणि तिच्यातला वाटा, थोडा साखरेच्या तर थोडा चरबीच्या रूपात, मुळावाटे बुरशीला देतं. कारण बुरशीला ऊन खाता येत नाही. त्या बदल्यात बुरशी केसाहून बारीक धाग्यांनी लांबलांबचा नायट्रोजन ओढून आणते. तो मोकळा आणत नाही. आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लात बांधून आणते. एकेका गाठोड्यात चार-चार अणू. मुळात पोचल्यावर गाठोडं सोडते, नायट्रोजन झाडाच्या हवाली करते आणि वरचं फडकं, म्हणजे त्यातला कार्बन, स्वतःला ठेवून घेते. रानातल्या बुरशीचे धागे वीतभर जातात. कंपनीने सुधारलेल्या जातीचे पाच-सहा मीटर जात. ते दोन झाडांच्या मुळांत एकाच वेळी शिरलेले असत, आणि गाठोडं कुठे सोडायचं हे ठरवायला त्यांच्याकडे एकच कसोटी होती: जिकडून साखर जास्त येते, तिकडे.

माणसातला कार्बन झाडात जातच नाही, हे कंपनीच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. जिवाणू तो खाऊन हवेत सोडतात आणि झाड हवेतला कार्बन घेतं, तो कुणाचाही असतो. अप्पांच्या किडकिडीत देहाकडून झाडाला मिळण्याजोगं होतं ते पावणेदोन किलो नायट्रोजन. तेवढ्यालाच सुगंधाने आईसमोर ‘अप्पा’ म्हटलं होतं. त्यातला तिसरा हिस्सा एव्हाना जांभळात गेला होता, थोडा मातीतल्या जिवाणूंनी खाल्ला होता. निम्म्याहून जास्त अजून जमिनीत होता आणि रोज थोडा थोडा निघून जात होता.

*

वनाच्या व्यवस्थापक वेदिका मुळगुंद पंचविशीच्या होत्या आणि समोरच्याला आधी पाणी द्यायची त्यांना सवय होती. त्यांनी अहवाल वाचला, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की असं क्वचित होतं, पण त्यावर उपाय आहे. बेलाच्या बुंध्याशी भुकटीचा आणखी एक चमचा, थेट मुळाला. दोन आठवडे वाचन पुढे ढकलायचं. पानात आकडा येईल.

“भुकटी येईल,” सुगंधा म्हणाली. “माणूस नाही येणार.”

“मॅडम, घरच्यांना आकडा हवा असतो. तुमच्या आईंनाही.”

“माझ्या आईला काय हवंय ते तुम्ही मला सांगू नका.”

हे ती इतक्या हळू बोलली की वेदिकाबाईंनी पाण्याचा पेला स्वतःकडे ओढून घेतला. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. तो त्यांना दाखवायचा नव्हता, हे दिसत होतं. बेल का खुरटला म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात बुंध्याशी माती तपासली होती. क्षार शेजारच्या मातीच्या बारा पट.

“मीठ आहे,” त्या म्हणाल्या. “खडेमीठ. करारात स्पष्ट लिहिलंय, मीठ घालायचं नाही. सही तुमची आहे.”

सही तिचीच होती. सुगंधाने कागद दोनदा वाचला. खाऱ्या मातीत मुळाला पाणी ओढवत नाही. पानं आपली भोकं मिटून घेतात. भोकं मिटली की साखर होत नाही. साखर नाही म्हणजे बुरशीला द्यायला काही नाही. वर जांभळाची सावली. बेलाने अप्पांना बोलवायला हात पुढे करावा असं काही शिल्लकच नव्हतं. जांभूळ उंच होतं, उन्हात होतं, गोड होतं. अप्पांचं गाठोडं तिकडे सुटलं.

मीठ कुणी घातलं असेल, हे विचारायची तिला गरज वाटली नाही.

*

आई पडवीत दोडक्याच्या शिरा काढत बसली होती. सुगंधाने चप्पलही काढली नाही.

“समाधीत मीठ घातलंस तू?”

“घातलं की,” आई म्हणाली.

“किती?”

“दहा किलो असंल. विभूतीच्या पिशव्यांत भरून नेलं. मी, तुझ्या दोघी आत्या आणि शेजारची महानंदा. कंपनीवाल्यांनी पिशव्या हुंगून बघितल्या, चाखून काय बघितल्या नाहीत.” त्या आठवणीने तिला थोडं हसूही आलं. “मिठाशिवाय समाधी असते काय गं? स्वामींनी बी बघून न बघितल्यागत केलं. माणसाला जन्माचं धाडायचं, ते अळणी धाडू?”

“मी सांगितलं होतं तुला. आकृती काढून सांगितलं होतं.”

“तू बुरशीचं सांगितलंस. माझ्या सासूला बसवलं तेव्हा मी मीठ घातलं, सासऱ्याला घातलं. ह्यांनाच तेवढं घालू नको म्हणत होतीस. तुझी आकृती आणि माझं मीठ, दोन्ही असू दे म्हटलं.”

सुगंधाला त्या क्षणी आईचा, बाकीच्या तिघींचा, स्वामींचा आणि कंपनीचा इतका राग आला, की तो नेमका कुणावर काढायचा हे तिला ठरवता येईना. ज्यांच्यावर खरा काढायचा ते खोतसाहेब तर हाताशी नव्हतेच. म्हणून राग हाताशी असलेल्या माणसावर निघाला. सोमवारपर्यंत जे लपवायचं, निदान हलक्या शब्दांत सांगायचं तिने ठरवलं होतं, ते तिने तसंच फेकलं. बेलात अप्पा नाहीत. वर्षभर तू एका रिकाम्या झाडाला पाणी घालतेयस, बातम्या सांगतेयस. तुझ्या मिठाने अप्पांना हाकलून दिलं आणि ते गेले खोताच्या जांभळात.

आईचा हात थांबला. दोडका तिने ताटात ठेवला, शिरा गोळा करून एका बाजूला केल्या. मग तिने इस्त्री होऊन आलेल्या इरकलाकडे पाहिलं. सुगंधाला वाटलं, आता ती रडेल, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

आई रडली नाही. तिने विचारलं, “सगळेच गेले?”

“नाही. निम्म्याहून जास्त जमिनीत आहेत अजून.”

“आणि ते पण तिकडंच जाणार.”

“हो.”

“का जाणार? मीठ एक झालं. आणि?”

सुगंधाने सांगितलं. साखर, ऊन, जांभळाची उंची, बेलावर दुपारपर्यंत पडणारी सावली. बोलता बोलता ती पायरीवर बसली आणि केव्हातरी तिने चप्पलही काढली. मीठ धुता येतं, जिप्सम टाकून भरपूर पाणी सोडलं तर पावसाळाभरात बरंच उतरेल. पण तोवर जांभूळ थांबणार नव्हतं. धागे तोडायला मधे चर खणायचा तर दोन्ही जागांना हात लागतो आणि खोतांची संमती लागते. त्यांच्या दारात ती जाणार नव्हती. आई मधे मधे एखादा प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न सगळे नेमके होते. नंतर तिने भाजी फोडणीला टाकली. दोघी जेवल्या.

“त्या दिवशी मीच त्यांना म्हटलं होतं,” हात धुताना आई म्हणाली. “वाचा म्हटलं तो कागद आणि घरी या. कागद वाचून माणूस घरी येतो असं वाटलं मला.”

*

सकाळी साडेआठला वेदिकाबाईंचा फोन आला. तुमच्या आई झाड तोडतायत, म्हणाल्या, मी चन्नवीर सरांना कळवलंय, तुम्ही लगेच या.

सुगंधा पोचली तेव्हा आई जांभळाखाली उभी होती. शेरडांना पाला पाडायची आकडी तिने महानंदाकडून आणली होती, लांब बांबूला बांधलेलं विळ्यासारखं पातं. ती मान वर करून एकेक फांदी हेरत होती, आकडी अडकवत होती आणि सगळा भार टाकून ओढत होती. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या मानाने बराच पाला खाली पडला होता. महानंदा तो गोळा करून भारे बांधत होती. माळी चार हात लांब उभा राहून, हे नियमात बसत नाही असं अधूनमधून म्हणत होता.

चन्नवीर खोत गाडीतून उतरून घाईघाईने आला. राजशेखर खोतांचा हा एकुलता मुलगा. आता संस्थेचा चेअरमन तोच होता. सातवी-आठवीत अप्पांच्याच हाताखाली शिकलेला.

“काकू, हे काय चालवलंय तुम्ही? माझे वडील आहेत ते.”

“असतील की,” आई म्हणाली आणि आकडी खाली घेतली. “तुझे वडील असतील तेवढी पानं त्यांची. माझा नवरा बी आहे त्यात. कागद आहे तसा. माझ्या नवऱ्याचे केस वाढलेत, ते मी कापते. त्याला तुझी परवानगी कशाला?”

महानंदा फिसकन हसली आणि पदर तोंडाशी नेला.

सुगंधाने अहवाल पुढे केला. चन्नवीरने तो उभ्या उभ्या वाचला. तो मूर्ख नव्हता. दुसऱ्या पानावर त्याचा चेहरा बदलला. त्याने सुगंधाला बाजूला नेलं आणि समजूतदार आवाजात बोलू लागला. वडिलांच्या वेळी जे झालं ते झालं. आपण आता मोठी माणसं आहोत. हा अहवाल बाहेर जायला नको, वनाची बदनामी होईल, गावातले कितीजण इथे बसलेत. चर खणायला त्याची हरकत नव्हती. शिवाय शाळेत नवी प्रयोगशाळा होते आहे. तिला सरांचं नाव द्यायचं तो केव्हापासून मनात धरून होता.

सुगंधा ऐकत राहिली. ‘सर’ हा शब्द त्याने किती सोपेपणाने वापरला, याकडे तिचं लक्ष होतं. नाव दगडात कोरलं असतं, हार घातला असता, आणि ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द गावाच्या डोक्यात आहे तिथेच राहिला असता. उलट वर म्हटलं असतं, बघा, खोतांचं मन केवढं.

“नाव नको,” ती म्हणाली. “तीन अर्ज आले होते आणि आम्ही ते काढून टाकले, एवढं एका कागदावर लिहा. आणि प्रार्थनेच्या वेळी उभं राहून वाचा. मोठ्याने.”

“माझे वडील गेलेत, सुगंधाताई. मी त्यांच्याविरुद्ध असं...”

“माझे पण गेलेत. कुठे गेलेत ते तुमच्या हातात आहे.”

 चन्नवीर हो म्हणाला नाही. विचार करतो म्हणाला, पोलिसांना बोलावणं बरं दिसणार नाही असंही म्हणाला, आणि गाडीकडे निघाला. जाताना त्याने अहवालाची घडी घालून खिशात टाकली. तो त्याचं काय करेल, हे त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं. सुगंधाच्या मनातला राग तसूभरही हलला नव्हता. पण आता त्याला धरायला मूठ सापडली होती.

सोमवारी वाचनात ती बेलाचा आकडा आणि जांभळाचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचणार होती, पेढे असोत वा नसोत. पण सोमवारला तीन दिवस होते. या तीन दिवसांतही जमिनीखाली गाठोडी चालत राहणार होती.

तिने माळ्याकडे हात केला. माळ्याने एकदा गाडीच्या धुरळ्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि छाटणीची करवत तिच्या हातात दिली. मग शिडी आपणच आणून बुंध्याला टेकवली.

सुगंधा चार पायऱ्या चढली. खालून जेवढं दिसत होतं त्याहून जांभूळ फार मोठं होतं. पानं तुकतुकीत, गर्द, अंगाने भरलेली. त्यातल्या कुठल्या पानात अप्पा होते आणि कुठल्यात नव्हते, हे तिचं यंत्र एकेक पान मोजून सांगू शकलं असतं. तिने एका पानावर हात ठेवला आणि काढून घेतला.

“कुठली कापू?” तिने खाली विचारलं.

आई बेलापाशी जाऊन उभी राहिली होती. डोळ्यांवर हात धरून तिने आभाळाकडे पाहिलं, दोन पावलं डावीकडे सरकली, पुन्हा पाहिलं.

“ती जाड,” ती म्हणाली. “ह्यांच्या उन्हाच्या वाटेत आलीय ती.”

सुगंधाने करवत टेकवली.